नैराश्यातून टीआरपीकडे : नवोदित वार्ताहरांसाठी सोपे धडे

अभिनंदन! मास मीडियाची पदवी हातात पडली, वृत्तवाहिनीत चिकटलात आणि दुसऱ्याच आठवड्यात असाइनमेंट डेस्कने 'पश्चिम उपनगर, सेलिब्रिटी' हे खातं तुमच्या गळ्यात मारलं. मुलुंडच्या घरी आई शेजारीपाजारी पेढे वाटत असेल; वाटू द्या. तुम्ही मात्र हे धडे नीट वाचा. या खात्यात मुहूर्त, साखरपुडे, विमानतळावरचे काळे चष्मे असलं किरकोळ काम रोजच असतं. त्यात कोणाचं नाव होत नाही. नाव होतं ते एखाद्या नामांकित माणसाचं मन आजारी पडलं की.

अडचण एकच, ती आधीच सांगून टाकतो. आजाराला खलनायक नसतो. मेंदूतली रसायनं, आनुवंशिकता, उडालेली झोप, यांपैकी कोणाचीही गाडी अडवून तोंडासमोर बूम धरता येत नाही. त्यामुळे सगळं कौशल्य एकाच गोष्टीत आहे: बातमीतून आजार बाहेर काढायचा आणि त्या रिकाम्या जागी एखादा माणूस बसवायचा. जमेल तुम्हाला. आमच्या काळी तर यूट्यूबही नव्हतं.

१. रस्ते पाठ करा

घाटकोपरला लोकल सोडा, मेट्रो पकडा, डी. एन. नगरला उतरा. इथून तुमचं सगळं विश्व रिक्षाच्या अंतरावर आहे: वर्सोवा, लोखंडवाला, ओशिवरा, जुहू. चार बंगल्याला कोकिलाबेन रुग्णालय, पार्ल्याला पवनहंसजवळची स्मशानभूमी आणि त्याआधी कूपर. कूपरचा रस्ता झोपेतही सापडला पाहिजे. २२ जानेवारी २००५ ला परवीन बाबी जुहूच्या घरात मृतावस्थेत सापडली, तिला शवविच्छेदनासाठी इथेच आणलं. १४ जून २०२० ला वांद्र्याच्या घरातून अभिनेता सुशांतसिंह राजपूतलाही इथेच आणलं. मधे पंधरा वर्षं गेली. या दोघांच्या आजाराचं बातम्यांमध्ये जे झालं, त्यावरच आपला अभ्यासक्रम बेतलेला आहे.

सोसायटीच्या वॉचमनशी ओळख ठेवा. मनोविकारतज्ज्ञ व्हायला जी आठ-नऊ वर्षं लागतात ती त्याला लागत नाहीत. 'साहेब हल्ली गप्प गप्प असायचे' एवढ्यावर तो निदान करतो, तेही कॅमेऱ्यावर आणि फी न घेता.

२. रुग्ण जिवंत असेल तर त्याच्या लक्षणांची मुलाखत घ्या

परवीन बाबीचा धडा मुळापासून वाचा. १९७६ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकलेली ही नटी १९८३ मध्ये सगळं सोडून देशाबाहेर गेली आणि १९८९ मध्ये परतली, ती ओळखू न येण्याइतकी बदलून. पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया हे निदान फिल्मी मासिकांतून गावभर झालं. ती स्वतः म्हणत राहिली की मला आजार नाही, माझ्याविरुद्ध कट आहे. अमिताभ बच्चनपासून कितीतरी मोठी नावं तिने त्या कटात गोवली.

आता, असा संशय हेच त्या आजाराचं लक्षण असतं. कच्चा वार्ताहर इथे वही मिटतो आणि घरी जातो. पक्का वार्ताहर खुर्ची पुढे ओढतो, रेकॉर्डर लावतो, एकेक नाव वदवून घेतो आणि दुसऱ्या दिवशी वाचकांची करमणूक करतो. मधुमेही माणसाची साखर वाढली म्हणून त्याला कोणी हसत नाही, हे खरं. पण साखर चांगलं बोलत नाही. हा आजार बोलतो, न थांबता बोलतो. तुमचा खर्च फक्त टेपचा.

सिनेमावाल्यांनीही हात धुऊन घेतले. तिच्याशी असलेल्या आपल्या नात्यावरून महेश भट्ट यांनी १९८२ मध्ये 'अर्थ' काढला, १९९३ मध्ये 'फिर तेरी कहानी याद आयी' काढला, आणि ती गेल्यावर २००६ मध्ये त्यांच्याच लेखणीतून 'वो लम्हे' आला. एका बाईच्या आजारपणात तीन सिनेमे निघतात. तुमची निदान तीन पॅकेजेस निघायला हरकत नाही.

शेवटी सोसायटीतल्या लोकांना शंका आली ती दाराबाहेर दुधाच्या पिशव्या आणि वर्तमानपत्रं साचली म्हणून. वर्तमानपत्रं तिच्या दारापर्यंत रोज न चुकता पोहोचत होती, याची नोंद घ्या.

३. रुग्ण गेलेला असेल तर त्याला आजार नव्हताच

इथे नवशिका गोंधळतो. तो विचारतो, "सर, परवीन म्हणाली कट आहे, तेव्हा आपण म्हणालो वेड आहे. आता सुशांतवर उपचार करणारे म्हणतात आजार आहे, तर आपण म्हणायचं कट आहे?" शाब्बास! एवढं कळलं की निम्मा अभ्यासक्रम संपला. आपलं कुठल्याच बाजूशी वैर नाही. रुग्णाची बाजू कुठली ते पाहायचं आणि समोरच्या फुटपाथवर ओबी व्हॅन लावायची.

मात्र क्रम चुकवू नका. पहिल्या दिवशी दोष मेलेल्या माणसाचाच. 'आज तक'ने पडद्यावर विचारलं होतं की सुशांत असा कसा 'हिट विकेट' झाला. त्याने २०१६ मध्ये धोनीचं काम केलं होतं ना, मग क्रिकेटचा विनोद हवाच. 'झी न्यूज'चा प्रश्न होता की पाटण्याचा सुशांत मुंबईत फेल का झाला. वय वर्षं ३४, चिता अजून पेटायची होती, आणि निकाल लागला सुद्धा.

काही आठवड्यांनी पेपर फिरवा. आता तो फेल झालेला नाही, तो खंबीर होता, त्याला नैराश्य येणंच शक्य नाही. पुरावे? ढिगाने. पार्टीत नाचतानाची क्लिप. घरातल्या दुर्बिणीतून आकाश पाहतानाची क्लिप. 'छिछोरे'मधली क्लिप, ज्यात तो आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या मुलाला जगण्याची उमेद देणारा बाप झाला होता. असा माणूस निराश होईल का, हा सवाल स्टुडिओत घुमवा आणि पार्श्वसंगीताची पट्टी वाढवा. या न्यायाने 'पवित्र रिश्ता'तला मानव देशमुख गॅरेजमध्ये मेकॅनिक होता, म्हणजे सुशांतलाही इंजिन उघडता यायला हवं होतं. पण अशा शंका काढणारा माणूस रात्रपाळीच्या टिकरवर बसवला जातो, तेव्हा जपून.

ऑगस्ट २०२० मध्ये त्याची थेरपिस्ट सुझन वॉकर हिने पत्रकार बरखा दत्त यांना निवेदन देऊन बायपोलर विकाराचं नाव घेतलं. या विकारात उत्साहाचे आणि खिन्नतेचे काळ आलटून पालटून येतात. म्हणजे नाचतानाची क्लिप आणि निदान यांच्यात भांडण नाही. शिवाय उपचार करणाऱ्याने रुग्णाची गोष्ट, तो गेल्यावर का होईना, चारचौघांत सांगावी का, हा खरोखरच गंभीर प्रश्न होता, आणि त्यावर तासभर चांगली चर्चा झाली असती. म्हणूनच ती टाळा. त्याऐवजी विचारा, ही बाई कोणाची माणूस?

आणि एकाग्रता ढळू देऊ नका. ३१ ऑगस्ट २०२० ला जाहीर झालं की एप्रिल ते जून या तिमाहीत देशाची अर्थव्यवस्था २३.९ टक्क्यांनी आक्रसली. सप्टेंबरच्या मध्यावर कोविडचे रोजचे नवे रुग्ण लाखाच्या उंबरठ्यावर होते. अशा बिकट काळातही आपल्या व्यवसायाने वांद्र्याच्या त्या इमारतीवरची नजर हलू दिली नाही.

४. औषधाची चिठ्ठी मिळवा

मनोविकारावर उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देऊ नये असं २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात, कलम २४ मध्ये, लिहिलेलं आहे. वाचून ठेवा, म्हणजे काय काय मिळवायचं त्याची यादी होईल. चिठ्ठी हाती आली की गोळीचं नाव गूगलवर टाका, दुष्परिणाम वाचा आणि अँकरला द्या. तो ते अशा आवाजात वाचेल की बोरिवलीत तीच गोळी गेली चार वर्षं शांतपणे घेणारी कोणी बँकेतली बाई त्या रात्री डबी कचऱ्यात टाकेल. त्याची बातमी होत नाही, तेव्हा काळजी नसावी.

५. आता एक बाई शोधा

रिकाम्या जागी बसवायचा तो माणूस बाई असेल तर उत्तम. ती मृताच्या जवळची हवी, तरुण हवी, आणि आडनाव बंगाली निघालं तर देव पावला: काळ्या जादूचं ग्राफिक आपोआप तयार. सुशांतच्या मैत्रिणीच्या, रिया चक्रवर्तीच्या बाबतीत 'विषकन्या' हा शब्दही फडताळातून काढून, धूळ झटकून वापरला गेला. आधी म्हणायचं तिने त्याला खचवलं, मग म्हणायचं पैसे खाल्ले, मग खून, मग गांजा. आरोप कितीही बदला, आरोपी बदलायचा नाही. प्रेक्षकाला चेहरा ओळखीचा लागतो.

तिने तो आजारी असल्याचं, त्याच्यावर उपचार चालू असल्याचं सांगितलं, तर ती मुद्दाम त्याला वेडा ठरवते आहे असं म्हणा. आजारी माणसाला डॉक्टरकडे नेणं हा यापुढे संशयास्पद वर्तनाचा भाग समजावा. अंधेरीतल्या एखाद्या घरात नवऱ्याला मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावं की नाही या विचारात बसलेल्या बायकोला आपला हा भाग फार उपयोगी पडला असेल.

६ सप्टेंबर २०२० ला बॅलार्ड इस्टेटमधल्या अमली पदार्थविरोधी कार्यालयाबाहेर तिला कॅमेऱ्यांच्या गराड्यातून कशी वाट काढावी लागली ते फुटेज मिळवून अभ्यासा. शारीरिक अंतर राखा, असं त्या दिवसांत आपणच दर अर्ध्या तासाने पट्टीवर सांगत होतो. ८ सप्टेंबरला अटक, मग भायखळ्याचा तुरुंग, ७ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाचा जामीन. मधल्या काळात दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांनी खुनाची शक्यता फेटाळली. ती बातमीही दाखवायची असते. दुपारी तीनला, वामकुक्षीच्या वेळी.

६. धावा

गाडीमागे धावा. पार्सल घेऊन आलेल्या पोऱ्यामागे धावा. वरच्या मजल्यावर आज काय मागवलं हे देशाला कळलंच पाहिजे.

७. पॅनेल भरा

पडद्यावर नऊ चौकटी. एक वकील, एक निवृत्त अधिकारी, एक प्रवक्ता, एक 'जवळचा मित्र' (भेट एकदा, जिममध्ये), एक देहबोलीतज्ज्ञ, एक ज्योतिषी, दोन जण भांडायला. शून्य मिळू नये म्हणून नववा मनोविकारतज्ज्ञ. त्याला आवाज शेवटच्या वीस सेकंदांत द्या. तो बिचारा 'कारणं अनेक असतात, एकाच घटनेवर खापर फोडता येत नाही' असं म्हणायला लागला की नेटवर्कची अडचण आली असं सांगा. हा माणूस आपल्या धंद्याच्या मुळावर उठलेला आहे.

तुम्हाला स्वतःला या विषयाची जिज्ञासा वाटू लागली तर ती वेळीच आवरा. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचे सिनेमे पाहू नका. 'देवराई'त (२००४) अतुल कुलकर्णीने स्किझोफ्रेनिया झालेला माणूस उभा केला आहे आणि गोष्ट आहे ती त्याला सांभाळणाऱ्या बहिणीचीही. 'कासव' तर नैराश्यावरच आहे आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळालं. दोन्हीत खलनायक सापडत नाही. पॅकेज कापायचं कुठून? तसंच मुलुंडच्या पुढच्या स्टेशनावर, ठाण्याला, डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून काम करते आहे. मनाच्या आजाराबद्दल मराठीत, सोप्या शब्दांत, न ओरडता बोलता येतं हे तिथे गेलं की कळतं. त्यामुळे ट्रेन मुलुंडलाच सोडा.

८. कोणी बरं झालं तर

हा सर्वांत अवघड प्रसंग. माणूस आजारी पडला, उपचार घेतले, बरा झाला आणि तसं उघड बोलला, म्हणजे आपल्याला करायला काही उरतच नाही. तरी घाबरू नका, दीपिका पदुकोणचं उदाहरण समोर ठेवा.

२०१५ मध्ये तिने आपल्या नैराश्याविषयी सांगितलं, त्याच वर्षी संस्था काढली. तेव्हा तिला 'धाडसी' म्हणायचं. जानेवारी २०२० मध्ये दावोसला तिचा याच कामासाठी गौरव झाला. तेव्हा 'देशाची शान' म्हणायचं. सप्टेंबर २०२० मध्ये तिचे काही जुने व्हॉट्सॲप संदेश बाहेर आले आणि त्याच अमली पदार्थविरोधी कार्यालयाकडून चौकशीचं बोलावणं गेलं. आता म्हणायचं की नैराश्य वगैरे काही नव्हतंच, ते दुकान होतं. ती गोव्याहून मुंबईला आली आणि मग तिच्या गाडीमागे इतक्या गाड्या लागल्या की पाठलाग करणारी वाहनं जप्त करू, असा इशारा मुंबई पोलिसांना द्यावा लागला. पाच वर्षांपूर्वी हीच मंडळी तिच्यासमोर डोळे पुसत बसली होती. माणसं तीच, फक्त लेन्स बदललेली.

१० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन विसरू नका. त्या दिवशी फिकट निळी पट्टी, बासरी आणि 'चला, बोलूया' असा कार्यक्रम. २०२० मध्ये तो रियाच्या जामिनानंतर तिसऱ्याच दिवशी आला होता. अँकरचा घसा अजून बसलेलाच होता, त्यामुळे आवाजात आपोआप हळवेपणा आला.

९. नियम वाचा, मग हसा

आत्महत्येची बातमी कशी द्यावी याची मार्गदर्शक तत्त्वं प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालावरून स्वीकारली: ठळक मथळा नको, पद्धतीचं वर्णन नको, जागेचा तपशील नको, फोटो-चित्रफिती नकोत, मदत कुठे मिळते ते सांगा. अशा बातम्यांच्या भडिमारानंतर आत्महत्या वाढतात, हे जगभर पाहिलं गेलं आहे. १४ जून २०२० च्या संध्याकाळपर्यंत सुशांतच्या मृतदेहाचे फोटो मोबाइलवरून एवढे फिरले होते की महाराष्ट्र सायबरला ते पसरवू नका म्हणून बजावावं लागलं. नाट्यरूपांतराची तर आपली थोर परंपरा आहे. २०१८ मध्ये श्रीदेवी दुबईत गेली तेव्हा एका तेलुगू वाहिनीचा वार्ताहर स्वतः बाथटबमध्ये उतरला होता. निष्ठा म्हणतात ती ही.

हेल्पलाइनचा नंबर मात्र द्या. नाही तर तक्रारी येतात. सरकारची 'टेलिमानस' सेवा २०२२ पासून आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीतही. तो सर्वांत खाली, सर्वांत लहान अक्षरात, दोन सेकंद. त्यावर सोन्याच्या कर्जाची जाहिरात सरकली तर सरकू द्या.

१०. माफी आणि हिशेब

हे सगळं केल्यावर शिक्षा होते का? होते तर! बनावट ट्वीट सुशांतच्या नावावर खपवल्याबद्दल वाहिन्यांच्या स्वतःच्याच नियामक संस्थेने 'आज तक'ला एक लाख रुपये दंड केला आणि काही वाहिन्यांना माफी मागायला लावली. एक लाख! अंधेरी पश्चिमेला एवढ्यात दोन खोल्यांचं महिन्याचं भाडं जेमतेम निघतं.

निवृत्त वरिष्ठ पोलीस अधिकारी आणि इतर काही जण या वार्तांकनाविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. सुनावणीत न्यायमूर्तींनी विचारलं की तपासही तुम्हीच, खटलाही तुम्हीच आणि निवाडाही तुम्हीच करणार असाल तर आम्ही इथे कशासाठी? १८ जानेवारी २०२१ ला निकाल आला, अडीचशे पानांचा. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांनी 'रिपब्लिक' आणि 'टाइम्स नाऊ'चं काही वार्तांकन प्रथमदर्शनी न्यायालयाचा अवमान करणारं ठरवलं. आत्महत्या केलेल्या माणसाला दुबळा म्हणून रंगवू नका, असंही बजावलं. अवमानाची कारवाई मात्र केली नाही. अडीचशे पानं कोण वाचतं. शेवटचं वाक्य तेवढं वाचा.

दुसरीकडे ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी आरोप केला की टीआरपी मोजण्याची यंत्रं बसवलेल्या घरांना पैसे देऊन ठरावीक वाहिन्या चालू ठेवल्या जात होत्या. तेव्हा देशभरात ४४ हजारांच्या आसपास घरांतल्या यंत्रांवर सगळा जाहिरातींचा बाजार उभा होता. वृत्तवाहिन्यांचे आकडे काही काळ म्हणून बंद झाले, ते २०२२ पर्यंत बंदच राहिले. तो खटला पुढे सरकारनेच मागे घेतला. म्हणजे ज्या आकड्यासाठी आपण हे सगळं केलं, तो आकडा खरा किती होता हेही कोणाला ठरवावं लागलं नाही.

मार्च २०२५ मध्ये सीबीआयने सुशांतच्या मृत्यूचं प्रकरण बंद करण्याचा अहवाल न्यायालयात दिला. रियावर आरोप करण्यात आपण किती तास घालवले ते विसरून जा. दोन ओळी पुरतात. माफीसाठीही तोच फॉर्म्युला: रात्री उशिरा, एकसुरी आवाज, मागे संगीत नको.

सर्वसाधारण शंका

*मराठी वाहिनीत असल्यामुळे हे सगळं आम्हाला लागू आहे का?* हो. फक्त 'ड्रग्ज' म्हणताना मागे तुतारी लावा.

*डॉक्टर मुलाखत द्यायला नाही म्हणाले तर?* 'मौन का?' असा मथळा करा.

*महिनाभर मला स्वतःलाच झोप येत नाही. लोकलच्या गर्दीत छाती धडधडते, घाटकोपरला उतरायचं भान राहत नाही. रजा हवी आहे. अर्जात काय लिहू?* व्हायरल ताप लिहा. डॉक्टरांचं सर्टिफिकेट जनरल प्रॅक्टिशनरचंच जोडा, दुसऱ्या कोणाचं नको. खरं कारण लिहिलंत तर तो कागद एचआरच्या टेबलावरून चहाच्या मशीनपर्यंत यायला दुपार पुरते. आणि मग इनपुटमधलं कोणीतरी मोबाइल काढून सगळ्यांना दाखवेल की नैराश्य कसलं, दिवाळीच्या पार्टीत तर हा नाचत होता.